टोकनचं आडनाव

आमचं सॉफ्टवेअर बँका आणि पतसंस्थांकडून येणाऱ्या नोंदी तपासायचं. तपासणीचे नियम हिशेब कळणाऱ्या माणसाला स्वतः लिहिता यावेत, प्रोग्रामरकडे धाव घ्यावी लागू नये, म्हणून एक छोटी नियमभाषा तयार केलेली होती. तिच्यात प्रत्येक नियम त्याच्या गांभीर्याने सुरू व्हायचा: ‘INFO’, ‘WARNING’ किंवा ‘ERROR’ या अर्थाचा एक शब्द, म्हणजे आमच्या बोलण्यात इन्फो, वॉर्निंग, एरर. मग अवतरणात संदेश, त्यापुढे अट आणि शेवटी अर्धविराम. या भाषेचा कंपायलर फ्लेक्स आणि बायसन वापरून बांधला होता. लिनक्सवर तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होता. पुढे एका ग्राहकाला तो विंडोजवर हवा झाला आणि ते काम माझ्याकडे आलं.

ज्यांनी ही साधनं वापरलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लेक्स आपल्या नमुन्यांवरून लेक्सर तयार करतो. लेक्सर मजकुराचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतो. या प्रकाराला टोकन म्हणतात. बायसन आपण लिहिलेल्या व्याकरणावरून पार्सर तयार करतो. पार्सर टोकनांची रांग पाहून वाक्य नियमात बसतं की नाही ते ठरवतो. व्याकरणात आपण टोकनला नाव देतो, पण लेक्सर आणि पार्सर एकमेकांशी बोलतात ते फक्त पूर्णांकांत. बायसन एक हेडर फाइल तयार करतो, तिच्यात प्रत्येक नावापुढे एक क्रमांक असतो आणि ती फाइल लेक्सर वाचतो. ० ते २५५ हे आकडे अर्धविराम, कंस अशा सुट्या अक्षरांसाठी राखलेले असतात, २५६ आणि २५७ बायसन स्वतःकडे ठेवतो, म्हणून आपलं पहिलं टोकन २५८ पासून सुरू होतं. शून्याचा अर्थ मात्र ठरलेला आहे: मजकूर संपला.

हे शून्य पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

विंडोजवर सगळं कंपाइल झालं. एकही एरर नाही, आमच्या कोडबद्दल एकही वॉर्निंग नाही. नमुन्याच्या नियमफाइली चालल्या. मग चाचणी करणारी सहकारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अरे, ही बघ, मुद्दाम चुकीच्या नोंदी घातलेली फाइल आहे. लिनक्सवर ही नापास होते, विंडोजवर पास होतेय. आणि नियमफाइल तर तीच आहे.” मी नियमफाइल उघडली. वरती काही इन्फो आणि वॉर्निंगचे नियम होते, ते विंडोजवर नीट लागत होते. त्यांच्याखाली एररचे नियम होते, त्यातला एकही लागत नव्हता. एवढंच नव्हे, तर एररच्या पहिल्या नियमानंतर आलेले वॉर्निंगचे नियमही लागत नव्हते. कंपायलरने मात्र नियमफाइल बरोबर असल्याचंच सांगितलं होतं.

फाइल अर्ध्यावर सोडून कंपायलर ‘सगळं ठीक’ म्हणतो, याइतकी काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरी नाही. प्रोग्राम कोसळला तर माणूस लगेच धावतो. इथे तपासणीच होत नव्हती आणि अहवाल स्वच्छ येत होता. असा अहवाल वाचून कुणीतरी खऱ्या पैशांचे निर्णय घेणार होतं.

अशा वेळी फ्लेक्स आणि बायसन दोघांचाही माग काढण्याची सोय हाताशी असते, ती मी चालू केली. फ्लेक्सला डीबग पर्याय दिला की कोणत्या ओळीवरचा नमुना कोणत्या मजकुराला जुळला ते तो छापतो. बायसनचा पार्सर प्रत्येक टोकन वाचताना काय वाचलं ते सांगतो. दोन्हींचा मजकूर एकाखाली एक आला तेव्हा गोष्ट स्पष्ट दिसली. फ्लेक्स सांगत होता, ‘एरर’ हा शब्द जुळला. त्याच्या लगेच खाली बायसन सांगत होता, आता मजकूर संपला. फाइलमध्ये अजून कितीतरी ओळी शिल्लक होत्या. म्हणजे लेक्सरने शब्द बरोबर ओळखला होता, पण पार्सरच्या हातात २५८ च्या पुढचा क्रमांक न पडता शून्य पडलं होतं.

लेक्सरच्या कोडमध्ये तर स्वच्छ ‘रिटर्न एरर’ लिहिलेलं होतं. मग मी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला सांगितलं की प्रीप्रोसेसर चालवून झाल्यावर जे उरतं ते फाइलमध्ये लिहून दे. ती फाइल प्रचंड मोठी असते, कारण विंडोजचे सगळे हेडर तिच्यात उलगडून येतात. शेवटाकडे आमचा लेक्सर होता. तिथे इतर सगळी टोकनं आपापल्या नावानिशी जागेवर होती आणि एररच्या जागी लिहिलेलं होतं: रिटर्न शून्य.

कारण विंडोजच्या ग्राफिक्सच्या हेडरमध्ये ‘ERROR’ या नावाचा एक मॅक्रो आहे आणि त्याची किंमत शून्य आहे. पडद्यावरच्या क्षेत्रांची जोडणी करणारी काही फंक्शनं अपयशी झाली की ती किंमत परत करतात. आमच्या लेक्सरने फाइल उघडण्याच्या कामासाठी विंडोजचा मुख्य हेडर घेतला होता, त्याच्या पाठोपाठ हा ग्राफिक्सचा हेडरही आपोआप आत आला. आमच्या नियमभाषेचा आणि पडद्यावरच्या क्षेत्रांचा काडीचाही संबंध नव्हता. संबंध जोडला तो नावाने.

इथे क्रमाची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. लेक्सरमध्ये आधी बायसनचा हेडर घेतला होता आणि नंतर विंडोजचा. बायसन टोकनांची यादी एनम म्हणून देतो. ती यादी कंपाइल होताना विंडोजचा मॅक्रो अजून आलेला नव्हता, म्हणून यादी बरोबर तयार झाली. त्यानंतर मॅक्रो आला. प्रीप्रोसेसरला एनम ठाऊकच नसतो, तो कंपायलरच्या आधी फक्त मजकुराची अदलाबदल करतो. त्यामुळे नाव दोनदा वापरलं गेलं अशी तक्रार करायला तिथे कुणी नव्हतं. हेच दोन हेडर उलट क्रमाने घेतले असते, तर आधी मॅक्रो आला असता, मग एनमच्या यादीत नावाच्या जागी शून्य पडलं असतं आणि कंपायलरने तिथेच काम थांबवलं असतं. दोन ओळींचा क्रम एवढाच काय तो फरक, पण त्यावर ठरतं की नावांची टक्कर आवाज करणार की मुकाट्याने घडणार.

ही एकट्या एररची गोष्ट नाही. विंडोजच्या हेडरमध्ये ‘DELETE’, म्हणजे डिलीट, हाही मॅक्रो आहे. तो परवानग्यांचा एक बिट आहे, त्याची किंमत ६५,५३६. एसक्यूएलसारखी छोटी प्रश्नभाषा लिहिली आणि टोकनला डिलीट असं नाव दिलं, तर लेक्सर पार्सरला ६५,५३६ देतो. असं टोकन यादीत नसतं, म्हणून पार्सर अगदी बरोबर लिहिलेल्या डिलीटच्या वाक्यालाही व्याकरणदोष ठरवतो. ‘इन’, ‘आउट’ आणि ‘ऑप्शनल’ हे मॅक्रो रिकामे आहेत. ‘रिटर्न इन’ असं लिहिलं तर उरतं नुसतं ‘रिटर्न’, आणि सी भाषेत त्याबद्दल एका वॉर्निंगवर निभावू शकतं. मग पार्सरच्या हाती काय पडेल याचा भरवसा नाही. ‘फॉल्स’ची किंमत शून्य, म्हणजे पुन्हा मजकूर संपला. ‘व्हॉइड’ आणि ‘कॉन्स्ट’ मात्र आपल्याच सी भाषेतल्या शब्दांत बदलतात आणि कंपायलर ताबडतोब अडतो. अडणारी नावं मला कधीच त्रासाची वाटली नाहीत. पुढे निघून जाणारी नावंच घातक असतात.

विंडोजला दोष देऊन हा विषय संपत नाही. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत लेक्स-याकचं, म्हणजे फ्लेक्स आणि बायसन यांच्या पूर्वजांच्या नावाने चालणारं, प्रात्यक्षिक करणाऱ्या मुलांना लिनक्सवरही हीच टक्कर भेटते. पास्कलसारखी छोटी भाषा लिहायला घेतली की पहिलं टोकन असतं ‘BEGIN’, बिगिन. आणि फ्लेक्सने स्वतःसाठी याच नावाचा मॅक्रो ठेवलेला आहे, लेक्सरची अवस्था बदलण्यासाठी. तो उलगडला की एक अर्धवट गुणाकार उरतो आणि कंपायलर बायसनच्या हेडरमधल्या अशा ओळीवर बोट ठेवतो जी मुलांनी लिहिलेलीच नाही. मुलं व्याकरण पुन्हा पुन्हा तपासत बसतात. व्याकरणात काहीच चुकलेलं नसतं. ‘ECHO’ हे नाव तर फ्लेक्सचंही आहे आणि युनिक्सच्या टर्मिनलच्या हेडरचंही.

एकाच प्रोग्रामात दोन व्याकरणं असतील तर आणखी एक प्रकार होतो. आमच्याकडे नियमांचं एक व्याकरण होतं आणि सूत्रांचं दुसरं. दोन्ही पार्सरांच्या मुख्य फंक्शनचं नाव बायसन एकच ठेवतो, त्यामुळे लिंकर थांबतो आणि सांगतो की हे नाव दोनदा आलं. हा आवाज करणारा प्रकार. पण जुन्या बायसनच्या हेडरमध्ये टोकनांची यादी एका पहारेकरी मॅक्रोच्या आत असायची: यादी आधीच आली असेल तर पुन्हा घेऊ नये म्हणून. दोन्ही व्याकरणांच्या हेडरमध्ये पहारेकऱ्याचं नाव एकच. एका फाइलमध्ये दोन्ही हेडर घेतले की दुसरी यादी गुपचूप वगळली जायची. ‘नंबर’ किंवा ‘आयडेंटिफायर’ अशी दोन्हीकडे असलेली नावं मग पहिल्या व्याकरणाचे क्रमांक घेऊन दुसऱ्या पार्सरकडे जायची. हा मुका प्रकार, आणि शोधायला अवघड.

असं का होतं याचं मूळ या साधनांच्या जन्मात आहे. याक हे स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलं, लेक्स हे माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी. दोन्हींचे अहवाल १९७५ चे आहेत. याक टोकनांची नावं मॅक्रो म्हणूनच द्यायचा, आणि सी भाषेत मॅक्रो मोठ्या लिपीत लिहायची रीत होती, म्हणून टोकनंही मोठ्या लिपीत लिहिण्याची प्रथा पडली. पुढे प्रत्येक प्रणालीच्या हेडरनी आपले स्थिरांक त्याच रीतीने मोठ्या लिपीत लिहिले. भाषेचे कळीचे शब्द सगळीकडे तेच ते: बिगिन, एंड, इन, डिलीट, ट्रू, फॉल्स. एक मैदान, एक लिपी आणि तेच मोजके शब्द. टक्कर व्हायला याहून वेगळं काही लागत नाही. सी प्लस प्लसने नेमस्पेस दिले, बायसनही तिथे टोकनं वर्गाच्या आत ठेवतो, तरी प्रीप्रोसेसर कोणतीही कुंपणं जाणत नाही. त्याला नाव दिसलं की तो बदलतो.

आमच्या चमूत उपायावर बराच खल झाला. एक सूचना आली की विंडोजचा हेडर घेतल्यावर लगेच तो मॅक्रो रद्द करून टाकावा. एका ओळीचं काम, आणि त्या फाइलपुरतं बरोबरही. पण उद्या दुसरी कुणी फाइल हाच हेडर घेईल, तिथे ती ओळ लिहायची आठवण कुणी ठेवायची? दुसरी सूचना होती की ग्राफिक्सचा भाग वगळण्याची खूण आधी लावून विंडोजचा हेडर घ्यावा. त्याने एरर गेला असता, डिलीट राहिलाच असता. दोन्ही उपाय आज माहीत असलेल्या नावांवर चालतात. उद्या भाषेत नवा शब्द आला किंवा हेडरमध्ये नवा मॅक्रो आला, की पुन्हा पहिल्यापासून.

माझं म्हणणं होतं की इलाज नावावरच करायला हवा. एका वर्गात दोन सचिन असले की शिक्षक हजेरी घेताना आडनावासकट पुकारतात, आणि मग कुणाला दुसऱ्याच्या जागी ‘हजर’ म्हणता येत नाही. टोकनलाही असं घराण्याचं नाव हवं. मोठ्या प्रकल्पांनी हे केव्हाच ओळखलेलं आहे. एसक्यूलाइटचं व्याकरण लेमन नावाच्या पार्सर जनरेटरसाठी लिहिलेलं आहे आणि त्यात टोकनांपुढे ‘टीके’ लावण्याची सूचना एका ओळीत दिलेली आहे. पोस्टग्रेसमध्ये डिलीट, बिगिन, ट्रू, फॉल्स अशा धोक्याच्या नावांमागे ‘पी’ लागतो, आणि त्याच्याच पीएलपीजीएसक्यूएल या भाषेत टोकनांपुढे ‘के’. मायएसक्यूएलमध्ये कितीतरी शब्दांमागे ‘सिम’ आहे. ग्नू ऑक ‘लेक्स’ लावतो, पीएचपी ‘टी’ लावतो. ही नावं पहिल्यांदा वाचताना नको तितकी लांब वाटतात. एकदा का रिटर्न शून्य डोळ्यांनी पाहिलं, की त्या प्रत्येक जोडलेल्या अक्षरामागचा अनुभव कळतो.

चमूतल्या ज्येष्ठांचा आक्षेप वेगळा आणि रास्त होता. व्याकरण हा आमच्या भाषेचा खरा दस्तऐवज. नवा माणूस ते वाचूनच भाषा शिकतो. त्यातल्या प्रत्येक शब्दापुढे ‘टॉक’सारखा उपसर्ग चिकटला तर ते वाचणं जड होतं, आणि वापरणाऱ्याला मिळणाऱ्या संदेशांतही तो उपसर्ग डोकावतो. हिशेब पाहणाऱ्या माणसाने ‘टॉक-एरर अनपेक्षित’ असा संदेश वाचून काय समजायचं?

याचं उत्तर बायसनमध्येच होतं. २०१३ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत टोकनांचा उपसर्ग जाहीर करण्याची सोय आहे. व्याकरणाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, की उपसर्ग ‘टॉक’. व्याकरणाच्या नियमांत नावं पूर्वीसारखीच आखूड राहतात, संदेशांतही आखूडच येतात. फक्त तयार होणाऱ्या कोडमध्ये ती उपसर्गासह उतरतात, आणि लेक्सरमध्ये ती उपसर्गासह लिहायची. बायसनच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत या सोयीचं जे उदाहरण दिलं आहे, त्यातही एक टोकन एररच आहे. पार्सरच्या फंक्शनांसाठी वेगळा उपसर्ग जाहीर करता येतो, त्याने दोन व्याकरणांचं भांडणही मिटतं आणि पहारेकरी मॅक्रोचं नावही वेगळं होतं.

एक ओळ व्याकरणात घातली आणि लेक्सरमधली नावं बदलायला घेतली. इथे एक बारीक गोष्ट होती, जी मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आवर्जून सांगतो. लेक्सरमधलं एखादं नाव बदलायचं राहिलं तर काय होईल? ‘आयडेंटिफायर’ राहिलं तर कंपायलर ओरडेल, कारण त्या नावाचं आता काहीच उरलेलं नाही. पण ‘एरर’ राहिलं तर विंडोजवर कंपायलर गप्पच बसेल, कारण तिथे त्या नावाचा मॅक्रो हजर आहे. म्हणजे ज्या नावांसाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच राहून गेली तर विंडोजवर पत्ता लागणार नाही. म्हणून बदल आधी लिनक्सवर कंपाइल करून घेतला. तिथे तो मॅक्रो नाही, त्यामुळे राहिलेलं प्रत्येक नाव उघडं पडतं. दोन वेगळ्या प्रणालींवर कंपाइल करण्याचा असाही एक फायदा असतो: एकीकडे जे झाकलं जातं ते दुसरीकडे दिसतं.

त्यावर एक चाचणी कायमची लिहिली. भाषेतला प्रत्येक कळीचा शब्द एकेकटा लेक्सरला द्यायचा आणि परत येणारा क्रमांक २५७ पेक्षा मोठा आहे ना, तसंच व्याकरणाच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळतो ना, हे पाहायचं. ही चाचणी अगदी छोटी आहे आणि क्षणात चालते. शून्य, ६५,५३६ किंवा भलताच आकडा आला तर ती त्या शब्दाचं नाव घेऊन सांगते. नियमफाइल पूर्ण वाचली गेली का, याचीही खात्री केली: लेक्सरने शेवटचा शब्द वाचला ती जागा आणि फाइलचा खरा शेवट जुळलाच पाहिजे. विंडोजसाठीचा कोड वेगळ्या फाइलमध्ये हलवला, जेणेकरून लेक्सरला त्या हेडरची गरजच पडू नये. उपसर्गाने टक्कर टळते, वेगळी फाइल दोघांना समोरासमोर येऊ देत नाही, आणि चाचणी या दोन्हींवर लक्ष ठेवते. तिन्ही लागतात.

इतर साधनांकडे वळलं तरी हा प्रश्न रूप बदलून भेटतो. अँटलरमध्ये जावासाठी पार्सर तयार केला तर टोकनं वर्गाच्या आत बसतात आणि मॅक्रोची भानगड नसते. पण व्याकरणातल्या नियमांवरून तो फंक्शनं तयार करतो, त्यामुळे नियमाला ‘रिटर्न’ किंवा ‘क्लास’ असं नाव दिलं की ते जावाच्या राखीव शब्दावर आदळतं. अँटलरची चौथी आवृत्ती सुरुवातीला याबद्दल आपणहून तक्रार करायची आणि कोड तयार होण्याआधीच थांबवायची. साधनाने कसं वागावं याचा हा चांगला नमुना होता.

जनरेटर वापरून लिहिलेल्या कोडमध्ये तीन घरांचे शब्द एकत्र राहतात: आपल्या भाषेचे, जनरेटरचे आणि ज्या भाषेत कोड तयार होतो तिचे, तिच्या सगळ्या हेडरांसह. आपल्याला दिसतं फक्त पहिलं घर. व्याकरण लिहिताना मन वाक्यरचनेत, अग्रक्रमात, संदिग्धतेत गुंतलेलं असतं. नावांचा विचार किरकोळ वाटतो, पुस्तकंही त्यावर पान खर्च करत नाहीत. पण व्याकरणातली संदिग्धता बायसन स्वतः शोधून दाखवतो, शिफ्ट-रिड्यूस संघर्ष म्हणून मोजून सांगतो. नावांची टक्कर त्याला दिसूच शकत नाही, कारण ती त्याचं काम संपल्यावर घडते. जे साधनाला दिसत नाही, ते माणसाने शिस्तीने सांभाळायचं असतं.

तेव्हा पार्सर जनरेटर हाती घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. पहिलं टोकन लिहिण्याआधी उपसर्गाची ओळ लिहा, भाषा कितीही छोटी असली तरी. नंतर ती घालायला लेक्सरभर फिरावं लागतं, आज ती एक ओळ आहे. कळीचा प्रत्येक शब्द कोणता क्रमांक परत करतो ते यंत्राकडून तपासून घ्या आणि कोड किमान दोन प्रणालींवर कंपाइल करा. आणि कंपायलर गप्प आहे म्हणजे सगळं बरोबर आहे, असं कधीही धरून चालू नका.